वेंगुर्ल्याच्या आधीचे मुक्काम

“इथे एक मुक्काम वाढवू या,” जुई म्हणाली आणि नकाशात दाजीपूरभोवती तिने लाल स्केचपेनने गोल काढला.

आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या जमिनीवर महाराष्ट्राचा भलामोठा नकाशा पसरला होता. तो सारखा गुंडाळायला बघायचा, म्हणून एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर माझी शब्दकोशाची जाड प्रत, आणि उरलेल्या दोन्हींवर जुईने आपल्या चपला ठेवल्या होत्या. ती पालथी पडून कोपरांवर रेलली होती. शेजारी श्रीरंग, तिचा बाबा, मांडी घालून बसला होता. मी सोफ्यावर सहामाहीचे गणिताचे पेपर तपासत होते.

“दाजीपूर कशाला? कोल्हापूरहून सरळ आंबोली गाठता येते की,” श्रीरंग म्हणाला.

“तिथे गवे असतात.”

“गवे काय आपल्याला भेटायला थांबणार आहेत?”

“आपण थांबलो तर तेही थांबतील.”

श्रीरंग हसला. “वृंदा, ऐकलंस? हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.”

मी मान वर न करता म्हणाले, “कालपर्यंत दाजीपूर नव्हतं. परवापर्यंत बामणोली नव्हतं. अशाने वेंगुर्ल्याला पोचेपर्यंत शाळा सुरू होईल.”

“शाळा वाट बघेल,” जुई म्हणाली. पाचवीतल्या मुलीने, तेही गणिताच्या बाईंच्या पोटच्या मुलीने असं म्हणावं, याची मला गंमत वाटली. ती एरवी एक दिवस शाळा बुडली तरी रडणारी मुलगी.

गाडी श्रीरंगच्या मित्राची होती, पासलकरची. त्याने एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आतली बाकं काढून टाकली होती आणि प्लायवूडचं चालतं घर करून घेतलं होतं. मागे दोघांना झोपता येईल एवढा पलंग, त्याच्या वर छताला लागून एक लहानशी फळी, एका बाजूला गॅसची शेगडी, नळ बसवलेलं पाण्याचं पिंप, आणि बाहेरून ताडपत्री ओढली की होणारा मांडव. “घेऊन जा दिवाळीत, नुसती उभी राहून सडतेय,” असं पासलकर म्हणाला तेव्हा श्रीरंगने घरी येऊन मला आधी विचारलं आणि मग जुईला सांगितलं. तेव्हापासून नकाशा जमिनीवर होता.

मुक्कामाच्या जागेबद्दल जुईच्या अटी होत्या. पाणी दिसलं पाहिजे. मोठं झाड पाहिजे. आणि सकाळचं ऊन गाडीच्या दारातून आत आलं पाहिजे. शेवटच्या अटीसाठी ती श्रीरंगला प्रत्येक ठिकाणी पूर्व कुठे ते विचारायची, आणि तोही फोन करून करून तिथल्या लोकांना विचारायचा, “अंगणात गाडी उभी केली तर तोंड कुठल्या बाजूला येईल हो?” पलीकडचा माणूस बहुतेक वेळा फोन ठेवून द्यायचा. मग दोघं पोट धरून हसायची.

त्या हसण्याकडे मी बघत राहायचे. कारण हा आमचा तिघांचा शेवटचा प्रवास होता, आणि ते जुईला माहीत नव्हतं.

श्रीरंग आणि मी वेगळे होणार होतो. कुणी तिसरं माणूस नव्हतं, मारहाण, दारू, काही नव्हतं. भांडणंसुद्धा संपली होती. कधीतरी आम्ही एकमेकांना दिवसभराचं सांगायचं बंद केलं होतं, आणि ते बंद झालंय हे दोघांच्याही फार उशिरा लक्षात आलं. घरात आम्ही भाडेकरूंसारखे राहत होतो, एकमेकांना त्रास न देता. श्रीरंगला बडोद्याला एका कारखान्यात नोकरी मिळाली. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. मी इथेच राहणार होते. वकिलांकडे बोलणं होऊन गेलं होतं.

उरली होती जुई. “कळत्या वयाची आहे, तिलाच विचारा,” असं वकीलबाई म्हणाल्या होत्या, आणि आम्हा दोघांनाही ते बरोबर वाटलं होतं. तिच्यावर काही लादायचं नाही. आधी तिला छान फिरवून आणायचं, आणि शेवटच्या मुक्कामाला, वेंगुर्ल्याच्या समुद्रावर, शांतपणे सगळं सांगून विचारायचं, तुला कुणाजवळ राहायचंय. हे ठरवताना आम्ही इतके समजूतदार होतो की ऐकणाऱ्याला आमचं कौतुक वाटलं असतं.

वसुबारसेच्या दोन दिवस आधी आम्ही निघालो.

पहिला मुक्काम बामणोलीला, कोयनेच्या जलाशयाच्या काठी. कासचं पठार ओलांडून गाडी उतरायला लागली तसं खाली पाणी दिसायला लागलं, डोंगरांच्या बोटांमधून शिरलेलं. एका होडीवाल्याच्या अंगणात जांभळाखाली गाडी लावली. जुईने आधी उडी मारली आणि हात लांब करून पूर्व दिशा पाहिली. “बाबा, थोडी तिरकी लाव.” श्रीरंगने गाडी मागेपुढे करून तिरकी लावली. “अजून थोडी.” पुन्हा लावली. होडीवाला आणि त्याची बायको दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती.

मी शेगडीवर पिठलं टाकलं. श्रीरंगने कांदा चिरला आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. जुईने फ्रॉकच्या टोकाने त्याचे डोळे पुसले. “बाबाला कांद्यानेही रडू येतं आणि जाहिरातीनेही,” ती होडीवाल्याच्या बायकोला म्हणाली. ते खरंच होतं. श्रीरंग टीव्हीवर कुणाची मुलगी सासरी गेली तरी उठून बाल्कनीत जायचा.

“आणि आई?” त्या बाईने विचारलं.

“आई नाही रडत कधी,” जुई म्हणाली.

मी पिठलं हलवत होते. खोटं नव्हतं ते. माझे वडील गेले तेव्हाही मी सगळ्यांचे चहा केले होते. मला नंतर, एकटीला, कुठेतरी आतल्या आत होत असे. लोकांसमोर डोळ्यांत पाणी यायचंच नाही.

गाडीत झोपायची जागा एकच होती. छताजवळच्या फळीवर जुई, खालच्या पलंगावर आम्ही दोघं. घरी कितीतरी दिवस श्रीरंग अभ्यासाच्या खोलीत झोपत असे. इथे पाठीला पाठ लावून झोपावं लागलं, आणि त्याच्या पाठीची ऊब मला ओळखीची वाटली याचाच मला राग आला.

दाजीपूरला गवे दिसले नाहीत, पण चिखल भेटला. राधानगरीच्या पुढे रस्त्याकडेला चहा प्यायला थांबलो आणि मागचं चाक रुतलं. श्रीरंग स्टिअरिंगवर, मी आणि जुई मागून ढकलतोय, चाक गरागरा फिरतंय, आणि मी कंबरेपासून खाली चिखलाने भरले. मग आमची अदलाबदल झाली. मी स्टिअरिंगवर बसले, तो ढकलायला. गाडी एकदम निसटली आणि श्रीरंग तोंडावर पडला. उठला तेव्हा त्याचे नुसते डोळे आणि दात दिसत होते. मी इतकी हसले की गाडी बंद करायची राहून गेली. तोही हसला. जुई रस्त्याच्या मधोमध उभी राहून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. हसत नव्हती, बघत होती. मला वाटलं घाबरली असेल.

“इथे अजून एक दिवस राहू या,” ती संध्याकाळी म्हणाली.

श्रीरंगने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. “राहू या,” आम्ही एकदमच म्हणालो. खरं तर आम्हालाही वेंगुर्ल्याला पोचायची घाई नव्हती.

आंबोलीला नरकचतुर्दशी आली. गावाबाहेर गावडेकाकूंचं घर होतं, मागे ओढा आणि जुनं फणसाचं झाड. त्यांनी परसात गाडी लावू दिली आणि आम्ही त्यांचे जन्माचे पाहुणे असल्यासारखं सगळं हातात घेतलं. उजाडायच्या आधी त्या ताडपत्री हलवून हाका मारायला लागल्या. “उठा, उठा! न्हाणी तापली हा!”

बाहेर धुकं होतं आणि बोचरी थंडी. चुलीवरच्या हंड्यातून वाफ येत होती. जुईने पुण्याहून आणलेला आकाशकंदील गाडीच्या आरशाला बांधला होता, आत मेणबत्ती. काकूंनी पाट मांडले आणि तेलाची वाटी माझ्या हातात दिली.

“घोवाक आधी तेल लाव गो. सणाचो दिस आसा.”

“मी माझं लावतो काकू,” श्रीरंग घाईघाईने म्हणाला.

“असा खंय असता?” काकूंनी त्याला दंडाला धरून पाटावर बसवलंच.

मी त्याच्या डोक्यावर तेल घातलं. आमच्या लग्नाच्या पहिल्या दिवाळीला मी त्याला असंच न्हाऊ घातलं होतं तेव्हा त्याचे केस इतके दाट होते की तेल आत जिरायचंच नाही. आता टाळू हाताला लागत होती. मी डोकं चोळलं, मान चोळली, खांदे चोळले. तो डोळे मिटून बसला होता. थंडीने की कशाने, त्याचे खांदे थरथरत होते. काकूंनी उटण्याची वाटी पुढे केली. मी उटणं लावलं. जुई चुलीजवळ शालीत गुंडाळून उकिडवी बसली होती.

मग तिघांनी अंगठ्याखाली कारीट फोडलं. काकूंच्या घरी गुळातले, ताकातले, दुधातले असे कितीतरी प्रकारचे पोहे खाल्ले. उन्हं वर आल्यावर धुकं दरीत उतरलं आणि सगळा घाट धुतल्यासारखा चमकायला लागला.

त्या दिवशी जुई ओढ्यावर काकूंबरोबर गेली असताना मी श्रीरंगला म्हणाले, “सांगायलाच हवं का?”

तो फणसाच्या मुळावर बसून नख कुरतडत होता. “काय सांगायला?”

“तुला कळतंय मी काय म्हणतेय.”

त्याने तोंडातलं नख काढलं. मग म्हणाला, “वृंदा, हे सगळं रस्त्यावर आहे. चिखल आहे, कंदील आहे, गावडेकाकू आहेत. आपण घरी गेलो, लिफ्टने वर गेलो, दार उघडलं, की पुन्हा तू तुझ्या खोलीत आणि मी माझ्या. मला ते आता नाही झेपत. तुला झेपतं?”

मी त्या दाराचा विचार केला. आत शिरल्यावर दिव्याचं बटण कोण लावतं, चपला कुठे काढतो, कोण आधी टीव्ही लावतं म्हणजे बोलावं लागू नये. “नाही,” मी म्हणाले.

“मग?”

“मग काही नाही. सांगू या.”

त्याने माझा हात हातात घेतला आणि थोड्या वेळाने सोडला. ते आमचं वेगळं होणं होतं. कोर्टातलं नंतर झालं, पण खरं झालं ते तिथे, फणसाखाली, भरल्या पोटी.

जुई ओढ्यावरून आली ती नकाशा घेऊनच. “इथून तिलारी जवळ आहे. धरण आहे, जंगल आहे. काकू म्हणाल्या तिथे हत्ती येतात.”

“आधी गवे, आता हत्ती,” श्रीरंग म्हणाला.

“एकच मुक्काम. प्लीज.”

तिलारी झालं. हत्तीही नाही दिसले. तिथून निघताना तिने रेडीचं नाव काढलं. रेडीच्या आधी कुठलासा धबधबा काढला, ज्याला नोव्हेंबरात टिपूसही नसतं. सावंतवाडी मागे पडली आणि वेंगुर्ल्याचे फलक दिसायला लागले तेव्हा ती पुढच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि तिचं बोलणं वाढतच चाललं होतं.

“वेंगुर्ल्याहून गोवा किती जवळ आहे बाबा! मग कारवार. मग गोकर्ण. गोकर्णच्या पुढेही समुद्रच आहे. आपण समुद्राच्या कडेकडेने जाऊ शकतो. गाडीत सगळं आहेच ना. तांदूळ आहेत, डाळ आहे.”

“जुई, सुट्टी संपत आली राजा.”

“मी अभ्यास करीन गाडीत. आई शिकवेल गणित.”

“मला कामावर जायचंय गं.”

तिने गुडघे घट्ट आवळले. मग म्हणाली, “बाबा, हळू चालव ना गाडी. मला मळमळतंय.”

श्रीरंगने गाडी बाजूला घेतली. ती उतरली, रस्त्याच्या कडेला वाकून उभी राहिली, पण ओकारी झाली नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिची पाठ लाकडासारखी ताठ होती.

वेंगुर्ल्याला सुरूच्या बनात, समुद्राच्या अगदी तोंडावर गाडी लावली. पाणी होतं, झाडं होती. जुईने पूर्व कुठे ते विचारलं नाही.

दुपार कलल्यावर श्रीरंगने ताडपत्रीखाली तीन घडीच्या खुर्च्या मांडल्या. मी चहा केला. जुईला दूध दिलं. ती दुधाचा पेला दोन्ही हातांत धरून बसली. समोर वाळूत एक कोळीण जाळं झटकत होती. बाकी किनारा मोकळा होता.

“जुई,” श्रीरंगने सुरुवात केली, “आम्हाला तुझ्याशी थोडं बोलायचंय.”

“मला माहितीये,” ती म्हणाली.

“काय माहितीये?”

“तू बडोद्याला जाणारेस. आई नाही येणार. तुम्ही आता एका घरात नाही राहणार.”

मला चहाचा कप कुठे ठेवावा ते सुचेना. “तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. मला ताप आला होता, डॉक्टरांकडून येताना मी मागच्या सीटवर झोपले होते, तेव्हा तुम्ही पुढे बोलत होतात. मी झोपले नव्हते.” तिने पेल्यातलं दूध हलवलं. “तुम्ही म्हणालात, शेवटच्या मुक्कामाला तिला विचारू.”

तो ताप गणपतीच्या दिवसांतला होता. म्हणजे नकाशा जमिनीवर पसरला त्याच्याही आधी. गवे, हत्ती, पाणी नसलेला धबधबा, गोकर्ण, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं.

“म्हणून मुक्काम वाढवत होतीस?” मी विचारलं.

तिने मान हलवली. “मला उत्तर येत नव्हतं.”

श्रीरंग खुर्चीवरून उठला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो वळून पाण्याच्या दिशेने चालायला लागला. थोडं अंतर गेल्यावर तो थांबला. आमच्याकडे पाठ होती, पण त्याचे खांदे कसे हलत होते ते लांबूनही दिसत होतं. कोळणीने जाळं झटकायचं थांबवून त्याच्याकडे बघितलं.

जुईही बघत होती. मी माझी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“आत्ता काही ठरवायचं नाहीये,” मी म्हणाले. “नंतर सांग. कधीही सांग.”

“नको,” ती म्हणाली. “मी ठरवलंय.” ती अजून बाबाकडेच बघत होती. “मी बाबाबरोबर जाते. चालेल तुला?”

लाट आली, फुटली, मागे गेली. मी चहाचा कप वाळूत टेकवला.

“बाबाला काही येत नाही ना,” ती समजावून सांगायला लागली, मीच लहान असल्यासारखं. “त्याला भातसुद्धा येत नाही. तो एकटा घरी गेला की रडत बसेल. तुला सगळं येतं. तू एकटी राहू शकतेस. हो ना?”

“हो.”

“तू रडणार नाहीस ना?”

तिने आता पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलं. तिचे डोळे माझ्या डोळ्यांत काहीतरी शोधत होते, एका डोळ्यातून दुसऱ्यात, भराभर. मला एकच कळत होतं. माझ्या डोळ्यांत एक थेंब जरी आला तर तिला सगळा हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल. दोन रडणाऱ्या माणसांतून एक निवडावं लागेल. इतके दिवस, इतके मुक्काम करत कसंबसं तिने ते उत्तर आणलं होतं. ते मी कसं मोडणार?

“नाही,” मी म्हणाले. “अजिबात नाही. तू जा बाबाबरोबर. छान होईल सगळं.”

“नक्की?”

“नक्की.” मी हसलेसुद्धा. “सुट्टीत येशीलच की माझ्याकडे.”

ती माझ्याकडे अजून थोडा वेळ बघत राहिली. मग पेला खाली ठेवून उठली आणि वाळूतून बाबाकडे गेली. त्याच्या शर्टाचं टोक धरून उभी राहिली. मी खुर्च्या मिटल्या. भांडी घासली. ताडपत्रीची दोरी सैल झाली होती, ती पुन्हा आवळून बांधली.

परतीच्या वाटेवर आम्ही कुठेच मुक्काम केला नाही. कोल्हापूरला हमरस्त्याला लागलो आणि थेट पुणे. जुई वरच्या फळीवर झोपून होती. झोपली होती की नाही, ते मी या वेळी विचारलं नाही.

दुसऱ्या सत्रापासून तिला बडोद्याच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत प्रवेश मिळाला. स्टेशनवर मी खिडकीतून तिला पुन्हा पुन्हा सांगत होते, स्वेटर कुठल्या बॅगेत आहे, डब्यातलं आधी काय खायचं. गाडी हलली तेव्हा हसून हात केला. मग बाहेर स्कूटरपाशी आले, हेल्मेट घातलं, काच खाली ओढली. पार्किंगवाल्याने काचेवर टकटक करेपर्यंत मी तिथेच उभी होते. “बाई, बरं वाटत नाही का?” त्याने विचारलं. त्याला काय दिसलं असेल कोण जाणे. आतून सगळी काच भिजून गेली होती.

नंतरचं सांगण्यासारखं थोडंच आहे. जुई आठवी संपवत होती तेव्हा श्रीरंगने लग्न केलं. वीणा त्याच्याच ऑफिसात होती. चांगली बाई. जुईला तिने कधी काही कमी केलं नाही. बाबा एकटा पडू नये म्हणून गेलेली माझी मुलगी आता परत येईल, असं मी काही दिवस मनात धरून होते. तिची खोली रंगवून घेतली. फोनवर मी सहज विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आता इथे सगळे मित्रमैत्रिणी आहेत आई. आणि नववी-दहावीला शाळा कशी बदलायची?” बरोबरच होतं. गणिताच्या बाईला ते कळायला हवंच होतं. पुढे तिथे तिला भाऊ झाला. ती सुट्टीत यायची, तेव्हा फोनवर त्याच्याशी गुजरातीत बोबडं बोलायची. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकायचे, मला त्यातलं अर्धंच कळायचं.

गेल्या हिवाळ्यात ती आली होती. आता ती बडोद्यालाच नोकरी करते, पुढच्या वर्षी लग्न आहे. दुपारी आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून मटार सोलत होतो. लग्नाचं बोलणं चाललं होतं, कुणाला बोलवायचं, मंडपात कोण कुठे बसेल. बोलता बोलता ती थांबली.

“आई, एक विचारू?”

“विचार.”

“मी तेव्हा बाबाबरोबर जाते म्हणाले, वेंगुर्ल्याला. तुला वाईट वाटलं होतं का गं?”

मला वाटलं ती थट्टा करतेय. मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. तिला खरोखरच माहीत नव्हतं. एवढी वर्षं.

“वाटलं होतं,” मी म्हणाले.

“मग सांगितलं का नाहीस? मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं तू म्हणशील, नको जाऊस. एकदा जरी म्हणाली असतीस ना, तर...” तिने वाक्य सोडून दिलं. “तू हसलीस. मला वाटलं तुला मी नसले तरी चालतंय. बडोद्याला कितीतरी दिवस मी तेच धरून बसले होते.”

“तू विचारलंस, रडणार नाहीस ना. मी नाही म्हणाले. मला वाटलं तू ठरवून टाकलंयस. तुला पुन्हा कोड्यात टाकायचं नव्हतं मला.”

जुईने हातातली शेंग ओट्यावर ठेवली. तिचे डोळे भरून आले होते. ती बापासारखी आहे, तिला लगेच येतं.

“आई,” ती म्हणाली, “मी दहा वर्षांची होते गं.”